रस्त्याकडचा पट्टा

आमच्या कृषी संशोधन केंद्रात आदेश आला की प्रत्येक शास्त्रज्ञानं आपल्या कामाच्या 'प्रोफेशनल' पोस्ट टाकायच्या. नुसतं काम करून भागणार नाही, ते दिसलंही पाहिजे. मी कीटकशास्त्रज्ञ. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर माझं काम. ही अळी बोंडाच्या आत शिरते, भोक बुजून जातं, आणि बाहेरून बोंड ठणठणीत दिसत राहतं. दिसण्यावर किती विश्वास ठेवायचा ते मला या अळीनंच शिकवलंय, त्यामुळे आदेश वाचूनच माझं डोकं तापलं होतं.

शिकवायला नागपूरहून एक तरुण प्रशिक्षक आले. चुणचुणीत होते, केसांना जेल. त्यांनी सांगितलं, चेहरा दिसला पाहिजे, अंगात अ‍ॅप्रन पाहिजे, मागची बाजू स्वच्छ पाहिजे. सुरुवात 'सांगायला आनंद होत आहे' अशी करा. नकारात्मक काही नको. मी हात वर करून विचारलं, अळीचा फोटो चालेल का? ते म्हणाले, "मॅडम, लोक जेवताना फोन बघतात." सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. ज्यांचं जेवण त्या अळीवर अवलंबून आहे ते लोकही फोन बघतात, हे मी तिथंच बोलायला हवं होतं. पण चहा आला, आणि आपल्याकडे चहा आला की विषय संपतो.

मग सगळ्यांना नवे अ‍ॅप्रन मिळाले. पांढरेशुभ्र, खिशावर केंद्राचं नाव निळ्या दोऱ्यानं भरलेलं. पोळा नुकताच झाला होता, ऊन असं की गड्यानं डोक्याला ओलं फडकं बांधावं, आणि मी कपाशीत, इकडच्या बोलीत पऱ्हाटीत, अ‍ॅप्रन घालून उभी. निंदणाला आलेल्या बायांनी तोंडाला पदर लावला. एक जण म्हणाली, "मॅडम, पऱ्हाटीले इंजेक्शन द्याले आल्या का?" मी म्हटलं, "नाही वो काकू, पऱ्हाटीसंग फोटो काढाले आली." यावर तर त्या खाली बसून हसल्या.

फोटो कुठं काढायचा हे कधी ठरवावं लागत नसे. केंद्र घाटंजीच्या रस्त्यावर आहे, आणि कपाशीचं प्रात्यक्षिकाचं वावर थेट रस्त्याला लागून. रस्त्याकडच्या चार-सहा ओळींना आम्ही 'पट्टा' म्हणायचो. पाहुणे तिथंच यायचे, फोटो तिथंच निघायचे, केंद्राच्या नावाचा फलकही तिथंच. पाहुणे यायचे असले की प्रक्षेत्र सहायक सकाळीच टोपली घेऊन पट्ट्यात शिरायचे आणि डोमकळ्या तोडून टाकायचे. डोमकळी म्हणजे अळी आत बसलेलं फूल. अळी पाकळ्या आतून चिकटवून टाकते, त्यामुळे फूल उमलतच नाही, मिटलेल्या गुलाबासारखं राहतं. डोमकळ्या तोडून नष्ट करा, अशी शिफारस आम्हीच गावोगाव करतो. स्वतः मात्र ती पट्ट्यापुरती पाळायचो. बाकीच्या वावराला मजूर मिळत नाहीत, म्हणून.

हे केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. पाहुणे येण्याआधी अंगण झाडतात, तसंच ते. झाडलेल्या अंगणावरून घराचा कारभार कोणी ठरवत नाही, असं मी धरून चालले होते.

फोटो छान आला. हसरी मी, पांढरा अ‍ॅप्रन, मागं हिरवीगार स्वच्छ कपाशी. खाली लिहिलं, शेतकऱ्यांच्या सेवेत असल्याचा आनंद होत आहे. नोकरीवाल्या लोकांच्या साइटवर अभिनंदनाचा पाऊस पडला. कशाबद्दल अभिनंदन, ते कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. फोटो घरी बापूंच्या, म्हणजे वडिलांच्या, फोनवरही पाठवला.

घटस्थापनेला घरी गेले. आमचा तांडा घाटंजी तालुक्यातच आहे, केंद्रापासून एसटीनं फार लांब नाही. आमचे जुने लोक बैलांवर माल लादून मुलुखभर फिरायचे. आता सगळे वावरवाले, कपाशी, तूर आणि सोयाबीनवाले. घरी आम्ही गोरबोली बोलतो, वडिलांना बापू आणि आईला याडी म्हणतो. तांड्यातली मी पहिली शास्त्रज्ञ, त्यामुळे घरी गेले की आधी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, घरापासून चार घरी पाणी प्यावं लागतं. त्या दिवशी मी ते चुकवलं आणि बापूंबरोबर थेट वावरात गेले.

धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, दिसलं. डोमकळ्याच डोमकळ्या. एक हिरवं बोंड तोडलं, फोडलं, आत अळी. दुसरं फोडलं, त्यातही. शेजारच्या वावरात तेच. त्याच्या पलीकडेही तेच.

मी बापूंवर ओरडलेच. दिसत नाही का, सापळे का लावले नाहीत, फवारा का मारला नाही, पोरगी याच कामाला आहे आणि बापाच्या वावरात ही गत! लोक काय म्हणतील? बापू शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला आणि माझाच फोटो माझ्यापुढं धरला. बोलणं गोरबोलीत झालं, बापूंचं मी वऱ्हाडीत लिहिते.

"हे पाय," ते म्हणाले. "तुह्या मांगं पऱ्हाटी पाय. एक डोमकळी दिसते का?"

मी फोटो मोठा करून बघितला. एकही नव्हती.

"मी हा फोटो नायकाच्या ओट्यावर साऱ्याईले दाखोला. म्हन्लं, माह्या पोरीच्या केंद्रात अळी नाही, तं आपल्या वावरात कायले येईन? बजाराले जातानी बी पायतो ना आमी तुमची पऱ्हाटी. एसटीतून समदं दिसते. तांड्यात कोनंच फवारा नाही मारला."

मी म्हटलं, "बापू, तो नुसता रस्त्याकडचा पट्टा आहे. तिथल्या डोमकळ्या तोडून ठेवतात."

"मले काय मालूम? फोटोत तू हायस. मंग आता ओट्यावर जाऊन काय सांगू? माही पोरगी खोटी हाय म्हनून सांगू?"

मला शरम वाटली असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण मला राग आला. इतका की हातातलं बोंड मी भिरकावून दिलं. वरून कीर्तन आतून तमाशा, आणि कीर्तनात टाळ घेऊन मलाच उभं केलेलं! घाटंजीच्या बाजाराला जाणारा प्रत्येक जण एसटीच्या खिडकीतून आमची कपाशी बघतो, आणि त्यावरून आपल्या वावराचा निर्णय करतो. आम्ही पाहुण्यांसाठी झाडलेलं अंगण हे लोक हवामानाचा अंदाज ऐकावा तसं वाचत होते. अजून वेळ गेली नव्हती. बोंडं हिरवी होती, पहिली वेचणी यायची होती. आता कळलं तर बरंच हाती राहणार होतं. दिवाळीत कळून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात परतले ती थेट वावरात. पट्टा ओलांडून आत शिरले. आतली गत बापूंच्या वावरासारखीच होती. एक बोंड फोडलं, तळहातावर ठेवलं, गुलाबी अळी स्पष्ट दिसेल असं. मागं केंद्राचा फलक येईल अशी उभी राहिले आणि फोटो काढला. अ‍ॅप्रन खोलीतच खुंटीला होता. मग तिथंच धुऱ्यावर बसून लिहिलं:

"हे वावर आमच्या केंद्राचं आहे. हात माझा आहे. अळी आजची आहे. रस्त्यावरून आमची कपाशी चांगली दिसते, कारण रस्त्याकडच्या पट्ट्यातल्या डोमकळ्या आम्ही तोडून ठेवतो. पोळ्यानंतर मी त्याच पट्ट्यात उभं राहून फोटो टाकला होता. तो बघून कोणी निर्धास्त झाला असाल, तर होऊ नका. आजच आपल्या वावरात जा. मधून आणि चारी कोपऱ्यांतून हिरवी बोंडं तोडा, फोडा, आत बघा. अळी निघाली तर मला फोन करा. काय करायचं ते सांगते."

आनंद होत असल्याचं लिहिलं नाही.

पोस्ट कपाशीच्या ग्रुपांवर गेली आणि तिथून कुठच्या कुठं. राळेगावकडून फोन आले, पार झरी जामणीच्या जंगलाकडच्या गावांतूनही आले. लोक फोडलेल्या बोंडांचे फोटो पाठवत होते. मी एकेकाला सांगत होते, सापळे कुठं लावायचे, डोमकळ्यांचं काय करायचं, फवारा कोणता आणि तो कोणत्या वेळी. घसा बसला. आणि बाजाराच्या दिवशी रस्त्यावर मोटरसायकली थांबायला लागल्या. लोक उतरायचे, आमचा पट्टा तुडवत आत शिरायचे आणि स्वतःच्या हातानं बोंडं फोडून बघायचे. राळेगावकडचा एक जण मला बघून म्हणाला, "मॅडम, तुमच्यात हाय म्हन्ल्यावर आमच्यात बी असनच. फोडून पाह्यलं. निंघाली." त्याच्या बोलण्यात खूश होण्यासारखं काही नव्हतं. पण पहिल्या पोस्टला आलेल्या सगळ्या अभिनंदनांपेक्षा मला ते जास्त आवडलं.

केंद्रप्रमुखांनी बोलावलं. आम्ही त्यांना सर म्हणतो. माणूस वाईट नाही. आयुष्यभर चांगलं काम केलेला आणि निवृत्ती जवळ आल्यावर घाबरट झालेला. त्यांच्या टेबलावर फोन उघडाच होता, त्यावर माझा तळहात.

"फलक कशाला घेतला फोटोत?"

"फलक तिथंच आहे सर."

"निदान तो कापून पुन्हा टाका. अळी कुठलीही असू शकते."

"असू शकते, पण ही आपली आहे. लोकांच्या वावरातल्या अळीला आपण संशोधन म्हणतो, आपल्या वावरात निघाली की बदनामी कशी होते?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मुठीचं खरं असेल सर. बोंडाचं तसं नसतं. झाकलं म्हणून आतली खायची थांबत नाही."

मग ते खऱ्या गोष्टीवर आले. पुढच्या आठवड्यात वरून समिती येणार होती. माझी नोकरी कराराची, आणि करार त्याच समितीच्या सहीनं वाढतो. "पोस्ट काढून टाका," ते म्हणाले. "मी सांभाळून घेतो. थोडं प्रोफेशनल राहा."

हा शब्द मी आदेश आल्यापासून ऐकत होते. हसून उभं राहणं प्रोफेशनल, अ‍ॅप्रन घालणं प्रोफेशनल, तोडलेल्या डोमकळ्यांच्या जागी उभं राहून सेवेचा आनंद होणं प्रोफेशनल. माझा धंदा अळी शोधायचा. सापडली की सापडली म्हणायचं, एवढाच. ज्या डॉक्टरला ताप दिसतो पण तो सांगत नाही, त्याला आमच्या तांड्यात प्रोफेशनल म्हणत नाहीत, दुसरं काहीतरी म्हणतात. ते मी सरांपुढं बोलले नाही. "विचार करते" म्हणून बाहेर आले.

आणि भीती वाटली, खोटं कशाला सांगू. माझ्या शिक्षणासाठी घरानं काय काय सोडलं होतं ते मला ठाऊक होतं. नोकरी गेली तर तांड्यातल्या पोरींच्या शाळेचं काय होतं हेही ठाऊक होतं. एवढं शिकून हिचं काय झालं, म्हणायला लोक टपलेले असतात. पोस्ट काढायला अंगठा एकदाच दाबायचा होता. दाबण्याआधी मी बापूंना फोन केला.

"काढू का बापू?"

मागं याडी कोणाला तरी चहा विचारत होती.

"ती पोस्ट मी ओट्यावर वाचून दाखोली," बापू म्हणाले. "अक्षर अक्षर जोडून वाचली. नायकानं ईचारलं, मंग पयलेचा फोटो कोनचा? मी म्हन्लं, तो पट्ट्याचा, हा वावराचा. पयल्यानं मी तुमाले चुकीचं सांगतलं, आता खरं सांगून राह्यलो. तवा कुठं लोकं आपापल्या वावरात गेले." मग ते म्हणाले, "आता काढशीन, तं मले दोनदा खोटं पाडशीन."

पोस्ट राहिली.

समिती आली त्या दिवशी पट्टा पुन्हा झाडलेला होता. लोकांनी तुडवून पाडलेल्या वाटेवर बोराटीच्या काट्या टाकल्या होत्या. सहायकांनी पहाटेपासून डोमकळ्या वेचल्या होत्या आणि ते माझी नजर टाळत होते. त्यांच्यावर माझा राग नव्हता, त्यांना जे सांगितलं ते त्यांनी केलं. सरांनी निरोप पाठवला, अ‍ॅप्रन घालून या. मी घातला.

समितीतले सगळे पट्ट्यात उभे राहिले. अध्यक्ष म्हणाले, कपाशी फारच सुंदर आहे. फोटोवाला आम्हाला जवळ जवळ या म्हणत होता. मी वाकून समोरच्याच झाडाचं एक भरदार हिरवं बोंड तोडलं. सहायक मागून हळूच म्हणाले, "मॅडम, पट्ट्यातलं नका ना फोडू." पण मला माहीत होतं ते तुम्हालाही एव्हाना कळलं असेल. डोमकळ्या तोडल्या की फुलं स्वच्छ दिसतात. आधीच बोंडात शिरलेली अळी बोंडातच असते.

मी ते बोंड दोन्ही अंगठ्यांनी फोडलं. आत सरकी पोखरलेली, कापूस पिवळा पडलेला, आणि मधोमध ती. समितीतल्या बाई दचकून मागं सरकल्या. मी हात अध्यक्षांच्या पुढं धरला.

"पण झाडं तर किती चांगली दिसताहेत," ते म्हणाले.

"दिसतात सर," मी म्हणाले. "म्हणूनच फोडून बघायला सांगते."

फोटोवाल्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला. त्यात सरांची मान खाली आहे आणि माझ्या अ‍ॅप्रनवर बोंडाचा रस उडालेला आहे. तो फोटो केंद्राच्या पानावर कधी आला नाही. मी तो फोटोवाल्याकडून मागून घेतला आणि माझ्या पानावर टाकला.

बापूंची पहिली वेचणी काही खास झाली नाही. निम्मा कापूस कवडी निघाला, म्हणजे डागी, गाठाळ. दुसरी वेचणी बरी झाली. तांड्यातही तसंच. अळीनं आपला वाटा घेतला, पण सगळं नेलं नाही. याडी वेचताना ओटीतून कवडी वेगळी काढत म्हणाली, "पयल्याच दिशी खरा फोटो टाकला असता, तं एवढी बी नसती निंघाली." आया अशाच असतात, आणि तिचं बरोबर होतं.

माझा करार वाढला नाही. तसं कारण कागदावर काही नव्हतं. तोंडी सांगितलं की मॅडमची शैली संस्थेला साजेशी नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी मी सामान आवरलं, ओळखपत्र जमा केलं, अ‍ॅप्रन जमा केला. भांडारातल्या बाबूंनी तो उलगडून बघितला. खिशावरच्या निळ्या नावाखाली बोंडाच्या रसाचा तपकिरी डाग होता. "हा काहून नाही काढला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "धुतला भाऊ, निघत नाही." त्यांनी घडी घालून तो कपाटात ठेवला.

फाटकाबाहेर एसटीची वाट बघत उभी होते. वावर रिकामं झालं होतं, पऱ्हाट्या उपटून नेल्या होत्या. पट्ट्याच्या जागी आता पट्टा असा काही उरलाच नव्हता. रस्त्यावरून थेट वावराच्या मध्यापर्यंत काळ्या मातीत एक पायवाट पडलेली होती, तुडवून तुडवून कडक झालेली. सरांनी टाकलेल्या बोराटीच्या काट्या कोणीतरी उचलून कडेला नीट रचून ठेवल्या होत्या. पुढच्या हंगामात तिथं पुन्हा कपाशी लागेल, पुन्हा पाहुणे येतील. पण घाटंजीच्या बाजाराला जाणाऱ्या माणसांना आता ही वाट माहीत झाली आहे.

एसटी येईपर्यंत वेळ होता. मी त्या पायवाटेचा फोटो काढला आणि टाकला. खाली माझं शिक्षण आणि तांडा लिहिला, केंद्राचं नाव लिहायची आता गरज नव्हती. आणि त्याखाली एकच वाक्य: पुढच्या वर्षीही रस्त्यावरून बघू नका, आत जायची वाट इथून आहे.